तारांकित प्रश्न टेबलावर येतो तेव्हा : मंत्रालयात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

सहायक कक्ष अधिकारी म्हणून निवड झालेली मुलं-मुली विचारतात ते प्रश्न ठरलेले असतात. विभाग कोणता मिळेल, क्वार्टरची यादी कधी लागेल, विभागीय परीक्षा किती अवघड असते. अधिवेशनाबद्दल कुणी विचारत नाही. राज्यव्यवस्थेच्या तयारीत तो धडा पाठ झालेला असतो ना! तारांकित म्हणजे तोंडी उत्तर आणि त्यावर उपप्रश्न, अतारांकित म्हणजे लेखी उत्तर, लक्षवेधी म्हणजे तातडीची सार्वजनिक बाब. धडा बरोबरच आहे. पण मंत्र्यांच्या नावावर जाणारं उत्तर लिहितं कोण, हे त्यात कुठेच नसतं. ते तुम्ही लिहिणार आहात, आणि बहुधा रुजू झाल्यावर पहिल्याच अधिवेशनात.

कार्यासनावर, म्हणजे तुमच्या टेबलावर, टाइप झालेलं उत्तर कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव असं चढत मंत्र्यांच्या सहीला जातं. वाटेत प्रत्येक जण भाषा सुधारतो. ‘करण्यात आलेली आहे’चं ‘करण्यात आली आहे’ होतं, एखादा स्वल्पविराम हलतो. आकड्याला मात्र सहसा कुणी हात लावत नाही, कारण तो कुठून आला हे फक्त तळाच्या माणसाला ठाऊक असतं. म्हणून आकड्याची जबाबदारी तुमच्यावरच येते, कुणी तसं सांगो वा न सांगो.

मी लिहिते आहे ते विधानसभा आणि विधानपरिषदेच्या कामाबद्दल. दिल्लीला केंद्रीय सचिवालयात गेलेल्यांकडे व्याप मोठा. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. तिथली पद्धत थोडी वेगळी असली, तरी पुढे ज्या खड्ड्याबद्दल सांगणार आहे तो तिथेही तसाच आहे.

सगळ्यात आधी बघा, की प्रश्न आपला आहे का. शासन कार्यनियमावलीप्रमाणे विषय दुसऱ्या विभागाचा असेल तर त्याच दिवशी हस्तांतरणाचं पत्र काढा. दोन दिवस नस्ती (फाइल) स्वतःकडे ठेवून मग ‘हा विषय आमचा नाही’ म्हणालात, तर तिकडचा कक्ष अधिकारी तो प्रश्न घेणार नाही, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही घेतला नसता.

आता उत्तराची ठेवण. आपल्याकडचा प्रश्न ‘हे खरे आहे काय’ असा सुरू होतो. मग ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय’, ‘चौकशीत काय आढळून आले’, आणि शेवटी हमखास ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरंही साच्यातली असतात : होय, हे खरे आहे. हे खरे नाही. हे अंशतः खरे आहे. प्रश्न उद्भवत नाही. नव्या माणसाला वाटतं, हे चार साचे जमले की काम जमलं. साचे आठवडाभरात जमतात. कुठला कधी वापरायचा हे कळायला वेळ लागतो.

समजा, प्रश्न असा आहे : अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयाच्या इमारतीसाठी ६ कोटी रुपये मंजूर होऊनही काम अपूर्ण आहे, हे खरे आहे काय? तुमच्या नस्तीत प्रशासकीय मान्यता ५ कोटी ८४ लाखांची आहे. हात शिवशिवतो ‘हे खरे नाही’ लिहायला. रक्कम सहा कोटी नाहीच, तेव्हा कागदावर तुम्ही निर्दोष. पण सभागृहात आमदार उभे राहणार ते अर्धवट भिंतींचा फोटो हातात घेऊन, आणि मंत्र्यांच्या नावावर छापलेलं असणार ‘हे खरे नाही’. पुढची दहा मिनिटं कुणाची कशी जातील, ते सांगायला नको. तिथे ‘हे अंशतः खरे आहे’ लिहायचं, आपली रक्कम द्यायची, काम कुठवर आलं ते एका ओळीत सांगायचं. प्रश्नकर्त्याला आकड्यात पकडून सुटका करून घेणं हा आपल्याकडचा जुना शौक आहे. हुशारी दाखवायची हौस असेल तर ती दुसरीकडे दाखवा.

‘प्रश्न उद्भवत नाही’ हे तर त्याहून घातक. पहिल्या भागाला ‘होय’ म्हटलं आणि चौकशीच्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’, तर त्याचा अर्थ असा होतो, की प्रकार घडला हे शासनाला मान्य आहे पण चौकशीची गरज वाटत नाही. असं उत्तर कुणी जाणूनबुजून लिहीत नाही, घाईत लिहिलं जातं. यादी छापायला जाण्याआधी प्रत्येक भागाचं उत्तर आधीच्या भागाच्या उत्तराला लावून एकदा मोठ्याने वाचा. शेजारचे हसतील. हसू द्या.

आता त्या खड्ड्याकडे येते. सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं विसरू नका.

खर्चावरचा प्रश्न आला की जिल्ह्याकडून माहिती मागवली जाते आणि एक तक्ता येतो : योजना, मंजूर निधी, खर्च, टक्केवारी. हा तक्ता उत्तराला जोडायचा मोह होतो, कारण वेळ नसतो आणि तक्ता छान दिसतो. पण सरकारी पैसा एका उडीत तिजोरीतून गावात जात नाही. तो पायऱ्यांवर थांबत थांबत जातो, आणि प्रत्येक पायरीवर त्याला कुणी ना कुणी ‘मंजूर’ किंवा ‘खर्च’ म्हणत असतो.

पहिली पायरी प्रशासकीय मान्यतेची. शासन निर्णय निघतो, पेपरात बातमी येते, गावात फलक लागतो. या घटकेला एक रुपयाही कुठे हललेला नसतो. मग अर्थसंकल्पातली तरतूद : कुठल्या मागणी क्रमांकाखाली, कुठल्या लेखाशीर्षात (खर्चाच्या प्रकाराला दिलेला ठरावीक क्रमांक), किती. रस्ते-पुलांचं भांडवली काम असेल तर ५०५४, आरोग्याचा महसुली खर्च असेल तर २२१०, शालेय शिक्षण असेल तर २२०२. मान्यता दहा कोटींची असून त्या वर्षीची तरतूद एक कोटीची असू शकते, आणि बहुतेक वेळा असतेच. त्यानंतर वित्त विभाग तरतुदीपैकी किती टक्के रक्कम सोडायची ते ठरवतो. ती बीम्स या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर दिसते आणि तिथून विभागप्रमुखामार्फत खाली आहरण व संवितरण अधिकाऱ्यापर्यंत, म्हणजे कोषागारातून पैसे काढून वाटणाऱ्यापर्यंत, जाते. तो अधिकारी देयक तयार करतो, कोषागार ते पारित करतं, पैसा राज्याच्या एकत्रित निधीतून बाहेर पडतो. हिशेबाच्या लेखी इथे खर्च झाला. महालेखापालांच्या वहीत इथे नोंद होते. बीम्सवर खर्चाचा आकडा इथे वाढतो.

आणि इथेच माणसं फसतात, कारण पुढे अजून दोन पायऱ्या शिल्लक असतात. काढलेली रक्कम पुष्कळदा थेट कंत्राटदाराला किंवा लाभार्थ्याला जात नाही. ती महामंडळाच्या, जिल्हा परिषदेच्या, एखाद्या अंमलबजावणी यंत्रणेच्या बँक खात्यात किंवा स्वीय प्रपंजी लेख्यात (कोषागारातल्या ठेव खात्यात) जाते, आणि तिथून पुढे कामावर अदा होते. ३१ मार्चला निधी व्यपगत होऊ नये, म्हणजे न वापरल्याने बुडू नये, म्हणून तो काढून खात्यात ठेवायचा ही आपली परंपराच आहे म्हणा ना. ‘कॅग’च्या राज्य वित्तव्यवस्थेवरच्या अहवालात स्वीय प्रपंजी लेख्यांवर आणि न आलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांवर परिच्छेद असतात ते उगाच नाही. कोषागाराच्या हिशेबाने शंभर टक्के खर्च आणि जागेवर एक वीट नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच दिवशी खरी असू शकतात.

रुजू झाल्यानंतर लवकरच माझ्या कार्यासनावर असाच एक प्रश्न आला होता. जिल्ह्याच्या तक्त्यात शेवटच्या स्तंभात १०० टक्के. उत्तर गेलं : ‘उपलब्ध करून दिलेला संपूर्ण निधी खर्च झाला आहे.’ वरपर्यंत कुणी हरकत घेतली नाही, घेण्यासारखं दिसतच नव्हतं काही. सभागृहात प्रश्न पुकारला गेला आणि सदस्यांनी लांबलचक भाषण न करता एवढंच विचारलं : पैसे खर्च झाले, तर काम कुठे आहे? मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत नस्ती मांडीवर घेऊन बसले होते. मंत्री मागे वळून वर बघत होते. माझ्याकडे होता तोच तक्ता, आणि त्यावर ‘खर्च’ एवढाच शब्द. काय लिहून पाठवणार चिठ्ठीत? दुसरे सदस्य उठले, तिसरे उठले, गोंधळ झाला आणि प्रश्न राखून ठेवला गेला. रक्कम ३१ मार्चला काढून यंत्रणेच्या खात्यात ठेवली होती हे संध्याकाळी फोनवर कळलं. कुणाचं चुकलं यावर पुढे बरीच टिपणी चालली. जिल्ह्याचं म्हणणं, आम्ही खर्च म्हणजे कोषागारीय खर्च कळवला, आणि हिशेबाच्या भाषेत ते बरोबरच होतं. तक्त्यात ‘खर्च’ असा स्तंभ दिसला की माझ्या पोटात अजून गोळा येतो.

तेव्हापासून माझी एक सवय आहे, तुम्हीही लावून घ्या. जिल्ह्याला ‘खर्चाची माहिती पाठवा’ असं कधीही लिहायचं नाही. लिहायचं : अमुक लेखाशीर्षाखाली अमुक दिनांकापर्यंत वितरित रक्कम किती, कोषागारातून आहरित किती, यंत्रणेच्या खात्यात आज शिल्लक किती, कामावर प्रत्यक्ष अदा किती, आणि भौतिक प्रगती काय. पाच वेगळ्या रकान्यांत. फोन येतील, ‘मॅडम, एवढं कशाला, मागच्या वेळी तर दोनच रकाने होते.’ ऐकू नका. शिल्लक रकमेचा रकाना रिकामा ठेवून आला तर तो रकाना म्हणजेच उत्तर आहे असं समजा आणि पुन्हा फोन लावा. ई-मेलवर सहीनिशी आलेली माहितीच नस्तीत लावा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो माहिती म्हणून वापरला आणि नंतर समोरचा ‘मी तसं म्हटलंच नव्हतं’ म्हणाला, तर तुम्ही एकटे पडता.

वर्षाचंही तसंच आहे. एकाच योजनेच्या एकाच वर्षाचे तीन आकडे अर्थसंकल्पाच्या पुस्तकांतच सापडतात : अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि दोन वर्षांनी छापून येणारी प्रत्यक्ष रक्कम. तिन्ही अधिकृत. उत्तरात कुठला दिला ते लिहिलं नाही, तर आमदारांच्या हातात दुसरा असणार हे धरून चाला. पुरवणी मागण्या आल्या की गुंता वाढतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ खाली त्या मांडल्या जातात आणि आपल्याकडे जवळजवळ दर अधिवेशनात येतात. त्यात कधी हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद दिसते. बाहेरचा माणूस हसतो, हजार रुपयात काय होणार? पैसा पुनर्विनियोजनाने त्याच मागणीतल्या बचतीतून मिळणार असतो, पण बाब नवीन असल्याने सभागृहाची संमती लागते, म्हणून तो हजाराचा खुंटा. हे मंत्र्यांना द्यायच्या उपप्रश्नांच्या टिपणीत एका वाक्यात लिहून ठेवलं नाही, तर मंत्र्यांना ‘शासनाने या योजनेची थट्टा केली’ हे ऐकून घ्यावं लागतं.

आकडा कुठला आणि मोजला कसा, यावरून केवढं काहूर उठू शकतं हे २०१२ मध्ये महाराष्ट्राने पाहिलं. आर्थिक पाहणी अहवालात सिंचित क्षेत्राची टक्केवारी दहा वर्षांत १७.८ वरून १७.९ झाल्याचं दिसत होतं. सिंचनावर सत्तर हजार कोटी खर्च झाले आणि क्षेत्र वाढलं ०.१ टक्का, अशी ती मांडणी झाली. नोव्हेंबरात जलसंपदा विभागाची श्वेतपत्रिका आली, तिच्यातली वाढ कितीतरी जास्त होती. राजकारण बाजूला ठेवू, तो माझा प्रांत नाही. पण मोजण्याची पद्धत निरनिराळी असली की एकाच सरकारच्या दोन कागदांवर दोन महाराष्ट्र दिसतात, आणि मंत्र्यांना उभं राहावं लागतं ते दोन्हींच्या मध्ये. दुसऱ्या विभागाच्या प्रकाशनात तुमच्या विषयाचा आकडा आहे का, हे उत्तर लिहिण्याआधी बघणं म्हणजे फाजील कष्ट नव्हेत.

घाबरलात? एवढं घाबरायचं कारण नाही. बहुतेक तारांकित प्रश्न सभागृहात पुकारलेच जात नाहीत, प्रश्नोत्तराचा तास संपतो. पुकारले गेले तरी बहुतेक वेळा दोन-तीन उपप्रश्नांत निभावतं. पण कुठला निभावेल आणि कुठला पेटेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सगळेच नीट लिहावे लागतात. १९५७ साली लोकसभेत आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या सव्वा कोटीच्या आसपासच्या रकमेवर प्रश्न विचारले गेले. फिरोज गांधींनी तो विषय सोडला नाही, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. तुमच्या टेबलावरच्या प्रश्नातून असं काही होणार नाही. मुंदडा प्रकरणाचा पहिला कागद हाताळणाऱ्यालाही बहुधा तसंच वाटलं असेल.

कायद्यावरचे प्रश्न संख्येने कमी येतात आणि म्हणून सोपे वाटतात. तिथेही पायऱ्यांचाच मामला. विधेयक पुरःस्थापित झालं (सभागृहात मांडलं गेलं), एका सभागृहाने संमत केलं, दोन्हींनी केलं, राज्यपालांची अनुमती मिळाली किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं गेलं, राजपत्रात आलं, अंमलात येण्याचा दिनांक ठरला, नियम झाले. ‘शासनाने याबाबत कायदा केला आहे’ हे उत्तर या सगळ्यांपैकी नेमक्या कुठल्या पायरीवरून दिलं, ते लिहावं लागतं. महिलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा सुचवणारं शक्ती विधेयक दोन्ही सभागृहांत डिसेंबर २०२१ मध्ये संमत झालं, पण राष्ट्रपतींची अनुमती मिळाली नाही. त्या काळात कुणी सरसकट ‘शक्ती कायदा’ असं उत्तरात लिहिलं असेल तर ते चुकीचंच. जादूटोणाविरोधी कायदा आधी ऑगस्ट २०१३ मध्ये अध्यादेश म्हणून आला आणि डिसेंबरात नागपूर अधिवेशनात विधेयक संमत झालं. अध्यादेशाला अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांचं आयुष्य असतं, हे राज्यव्यवस्थेत तुम्ही वाचलंय. आता ते तारखेनिशी मोजून नस्तीत लिहायचं काम तुमचं.

माझं आवडतं उदाहरण रोजगार हमीचं आहे. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना कायद्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. कायदा १९७७ चा, पण अंमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. मधल्या काळात ‘कायद्याने हमी दिली आहे काय’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर एका शब्दात देता आलं नसतं. आणि खर्चाची बाजू बघायची असेल तर आपलंच पगारपत्रक काढा. दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल. तो कर १९७५ मध्ये या योजनेसाठीच लावला गेला, आणि त्याच्या जोडीला शासनानेही तेवढीच भर घालायची असं ठरलं होतं. आपण देतो तो पैसा आणि आपण लिहितो ते उत्तर एकाच रस्त्यावर असतात, हे मला त्या कापलेल्या दोनशे रुपयांकडे बघून कळलं. तुम्हाला पुस्तकात वाचून कळेल की नाही, सांगता येत नाही.

उपप्रश्नांच्या टिपणीबद्दल थोडं. छापील उत्तर दहा ओळींचं असतं, खरी लढाई टिपणीवर होते. नवीन माणूस चाळीस पानांची टिपणी करतो, जोडपत्रं ‘अ’पासून ‘झ’पर्यंत. मंत्री सभागृहात उभे असताना एकही पान उलटत नाहीत. वरचं एक पान हवं : पायरीनिहाय आकडे तारखांसह, विलंब झाला असेल तर त्याचं खरं कारण, आणि आता पुढे काय व केव्हा. खाली चार-पाच संभाव्य उपप्रश्न, प्रत्येकाचं दोन ओळींत उत्तर. संभाव्य उपप्रश्न शोधायला फार डोकं लागत नाही. त्या तालुक्याच्या मागच्या वर्षभराच्या बातम्या बघा, त्याच सदस्यांनी त्या विषयावर आधी काय विचारलं ते विधानमंडळाच्या संकेतस्थळावरच्या जुन्या याद्यांत बघा. सदस्य आकाशातून प्रश्न आणत नाहीत. त्यांच्याकडे बिलं थकलेला कंत्राटदार येतो, माहिती अधिकारात कागद काढलेला कार्यकर्ता येतो. तुमच्यापेक्षा त्यांना जागेवरचं जास्त ठाऊक असतं, हे मान्य करून टिपणी लिहिली की ती आपोआप बरी होते.

क्रियापदांना जपा. ‘कार्यवाही सुरू आहे’ आणि ‘कार्यवाही करण्यात येईल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरं आश्वासन ठरतं, आश्वासन समितीकडे नोंदवलं जातं, आणि तुमची बदली झाल्यावरही तुमच्या जागी आलेल्या बिचाऱ्याच्या मागे लागतं. मंत्री बोलण्याच्या ओघात ‘तीन महिन्यांत पूर्ण करू’ म्हणून मोकळे होतात. टिपणीत आधीच लिहा : निविदा प्रक्रिया बाकी असल्याने कालमर्यादा सांगू नये. ऐकणं न ऐकणं त्यांचं.

एक जुनाट पळवाट सांगते, कारण ती तुम्हाला कुणीतरी शिकवणारच : मागच्या अधिवेशनातलं उत्तर काढायचं, तारीख बदलायची. मुळात उत्तर बरोबर असेल तर काय बिघडलं, असं वाटतं. बिघडतं ते असं, की मागच्या उत्तरात ‘लवकरच’ असतं आणि या उत्तरातही ‘लवकरच’ असतं, आणि प्रश्नकर्त्यांनी दोन्ही याद्या शेजारी धरलेल्या असतात. जुनं उत्तर वाचायचं ते त्यापेक्षा वेगळं काय सांगता येईल हे बघण्यासाठी. हल्ली यंत्राकडून मसुदा लिहून घेणारेही दिसतात. भाषा गुळगुळीत येते, पण कुठल्या पायरीवरचा आकडा ते यंत्राला माहीत नाही, आणि तुम्ही विचारलं नसेल तर तुम्हालाही नाही.

शिकायचं कुणाकडून, याबद्दल माझं मत जरा तिखट आहे. वरिष्ठ शिकवतील याची वाट पाहू नका. त्यांच्यातले काही फार चांगले असतात, पण अधिवेशनात त्यांनाच श्वास घ्यायला वेळ नसतो. विभागात एखादे जुने लिपिक असतात, निवृत्तीला आलेले, ज्यांना कुठली नस्ती कुठल्या कपाटात आहे, मंत्रालयाला २१ जून २०१२ ला लागलेल्या आगीत कुठल्या जळाल्या आणि कुठल्यांच्या प्रती जिल्ह्यातून परत मिळवल्या, हे तोंडपाठ असतं. त्यांच्याबरोबर चहा घ्या. विभागाच्या अर्थसंकल्प शाखेतल्या माणसाशी ओळख करून घ्या, ती अधिवेशन लागण्याआधी. प्रश्न आल्यावर ओळख करायला गेलात तर तो आधी घड्याळाकडे बघेल. ‘अधिवेशनाची तयारी’ अशा नावाच्या ज्या नोट्स फिरतात त्यांत मला तरी नियमांच्या क्रमांकांपलीकडे काही सापडलं नाही. लक्षवेधी विधानसभेत नियम १०५ खाली येते हे माहीत असल्याने कुणाची लक्षवेधी सुटलेली मी पाहिलेली नाही.

हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला पहिल्यांदा जाल तेव्हा गरम कपडे न्या, हे सगळे सांगतात. मी सांगते, नस्तींची यादी न्या. पेट्या भरताना जी नस्ती मुंबईत राहते, प्रश्न नेमका तिच्यावर येतो. ई-ऑफिसमुळे आता बरंच सोपं झालंय, पण जुने नकाशे, मोजमाप पुस्तिकांच्या प्रती, न स्कॅन केलेला पत्रव्यवहार अजून कागदावरच आहे. रात्री मुक्कामाच्या जागी, १६० खोल्यांच्या गाळ्यांत, परतल्यावर जेवण थंड असतं आणि सकाळी ब्रीफिंगला वेळेवर पोचायचं असतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, दोन आठवडे फोन उचलला नाही तर काळजी करू नका म्हणून. तिथेच तुम्हाला इतर विभागांतली तुमच्याच बॅचची मंडळी भेटतील, आणि खरं सांगायचं तर माझ्या पुढच्या निम्म्या अडचणी त्याच ओळखींवर सुटल्या.

अधिवेशन संपलं की सगळे रजेवर पळतात. तुम्हीही जा, हक्काची आहे. पण जाण्याआधी आपल्या विषयाच्या प्रत्येक योजनेसाठी एक कागद करून ठेवा : मान्यतेचा शासन निर्णय आणि दिनांक, लेखाशीर्ष, या वर्षीची तरतूद, वितरण, आहरण, शिल्लक, अदायगी. मार्च उलटल्यावर महालेखापाल कार्यालयाशी खर्चाचा ताळमेळ होतो, त्यात जो आकडा बदलेल तो त्या कागदावर पेनने दुरुस्त करा, कुठल्या दिवशी बदलला ते शेजारी लिहा. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला आकडा आणि ताळमेळानंतरचा आकडा वेगळे निघाले, तर ते आधी अवर सचिवांना लेखी कळवा. दुरुस्तीचं निवेदन करायचं की नाही हे वरचे ठरवतील, पण तुमच्या टिपणीवर तारीख असू द्या.